बत्तीस कोरी घरे

एकदा एका वृद्ध संशोधकाने आपल्या शिष्याला अकरा दिवसांसाठी प्रयोगशाळेची किल्ली दिली. देताना एकच गोष्ट बजावली, की कोरी घरे तेवढी कोरी ठेव. का ठेवायची, ते सांगितले नाही. त्यांचा मोतीबिंदू काढायचा होता, दवाखान्यात जायची वेळ झाली होती, आणि चार वर्षे आपल्या हाताखाली काम केलेल्या माणसाला हे कारण सांगायला हवे असे त्यांच्या मनातही आले नाही.

त्या प्रयोगशाळेत हृदयाचे औषध शोधले जात होते. पण हृदयाला जोर देणारे नव्हे. हृदय आवळले की रक्त बाहेर पडते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ते पुन्हा सैल पडले तरच त्यात रक्त भरते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काही माणसांचे हृदय आवळते नीट, पण सैल पडत नाही. मग ते अर्धेमुर्धेच भरते, मागचे रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी उतरते. वृद्ध सांगत, "सैल पडणे म्हणजे आराम नव्हे, ते काम आहे. आवळताना पेशीत आलेले कॅल्शियम परत कोठारात ओढून न्यावे लागते. त्यासाठी पेशीत एक पंप असतो. तो दमला, की हृदयाची मूठ उघडत नाही."

या पंपावर एक लहान प्रथिन बसलेले असते आणि ते त्याला रोखून धरते. त्याला थोडे बाजूला सारील असे औषध त्यांना हवे होते. शोधण्याची रीत अशी. कत्तलखान्यातून बोकडाचे ताजे हृदय आणायचे आणि त्यातून पंप वेगळा काढायचा. पंपाला पिवळा चकाकणारा रंग जोडायचा, रोखणाऱ्या प्रथिनाला लाल. दोघे बिलगून असले की पिवळ्याचा उजेड लाल गिळून टाकतो. लाल दूर सरला की पिवळा वाढतो. म्हणजे औषध घातल्यावर पिवळा उजेड वाढला, तर पकड सैल झाली असे समजायचे.

हे सारे एका तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये चाले. तिच्यात सोळा ओळी, प्रत्येक ओळीत चोवीस बारीक खळगे. त्यांना तेथे घरे म्हणत. प्रत्येक ओळीचे पहिले आणि शेवटचे घर कोरे. त्यात प्रथिन असे, औषध विरघळवायचा द्रावकही असे, फक्त औषध नसे. अशी बत्तीस घरे प्रत्येक प्लेटमध्ये औषधावाचून जात. तपासायची औषधे नवी नव्हती. दुसऱ्या आजारांसाठी पूर्वीपासून दुकानात मिळणारी ती जुनी औषधे होती, आणि प्रत्येक आठ मात्रांत तपासायचे होते. वृद्धांचा हिशेब सरळ होता. नवे औषध माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचायला बारा-पंधरा वर्षे लागतात. जुन्यातच एखादे कामाचे निघाले तर ती वाट पुष्कळ आखूड होते.

शिष्याला ही वाट आखूड व्हायला हवी होती. त्याची थोरली बहीण वैजयंता तालुक्याच्या गावी पोस्टात टपाल निवडण्याचे काम करीत असे. दोन वर्षांपासून तिचे हृदय सैल पडेनासे झाले होते. ती तीन उशा पाठीशी घेऊन बसल्याबसल्या झोपे. घराच्या सात पायऱ्या चढताना चौथ्या पायरीवर थांबून, जणू काही शेजारणीशी बोलण्यासाठीच थांबली आहे, असे दाखवी. डॉक्टरांकडे अंगातले पाणी उतरवणारी गोळी होती, त्यापलीकडे काही नव्हते. त्यांनी शिष्याला बाजूला घेऊन सांगितले होते, की पुढची दिवाळी धरून चालू नका.

अक्का त्याची थट्टा करी. "काय रे, तुझ्या त्या चमकणाऱ्या डब्यात माझ्यासाठी काही सापडलं का? का नुसतीच बोकडं संपवताय?"

वृद्ध गेले त्या दिवशी बारा प्लेटींचे काम उरले होते आणि फ्रीझरमध्ये प्रथिन होते अकरा प्लेटींपुरते. नवे प्रथिन काढण्याचे कसब एकट्या वृद्धांच्या हातात होते. बारावी प्लेट ते परतेपर्यंत आणि पुढे प्रथिन तयार होईपर्यंत थांबणार, हे उघड होते. शिष्याने कागदावर गुणाकार केला. बारा प्लेटींतली औषधांची घरे चार हजार दोनशे चोवीस. अकरा प्लेटींतली कोरी धरून सगळी घरे, तीही चार हजार दोनशे चोवीस. एकही घर कमी नाही, एकही जास्त नाही.

हिशेब इतका चोख जुळला, की त्याला तो संकेत वाटला. माणसाच्या मनात जे आधीच ठरलेले असते, त्याला आकड्यांचा आधार मिळाला की ते पाप वाटेनासे होते. त्याने कोऱ्या घरांत औषधे भरली.

सात दिवस काही दिसले नाही. प्रथिनाचा मूळचा उजेड शंभर धरत, आणि सगळी घरे त्याच्याच आसपास. आठव्या दिवशी बर्फाचे यंत्र बंद पडले. त्याने पेटीत उरलेला आदल्या दिवशीचा बर्फ घेतला, त्यात प्रथिनाची कुपी रोवली आणि गार पाटीवर ठेवलेल्या प्लेटीत पिपेटने एकेक ओळ भरायला बसला. तो नोंदी प्रामाणिकपणे ठेवी. वहीच्या समासात त्याने लिहिले: बर्फ कमी.

दुपारी प्लेट यंत्रात घातली. पहिल्या तेरा ओळी शंभर, एकशे एक, नव्याण्णव. चौदाव्या आणि पंधराव्या ओळीत आकडे किंचित वर सरकले होते, पण त्याची नजर तेथे थांबली नाही, कारण सोळाव्या ओळीच्या शेवटी जंतांवरची एक जुनी गोळी होती आणि तिची आठ घरे अशी होती: एकशे सतरा, एकोणीस, एकवीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, तीस, एकतीस. मात्रा वाढेल तसा उजेड वाढत गेला होता. औषध खरे असल्याची हीच खूण त्याला शिकवलेली होती.

त्याने आकड्यांचा कागद यंत्रातून काढून घेतला. मग त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

नवव्या दिवशीची प्लेट लवकर आटोपून तो एस.टी.ने अक्काच्या गावी गेला. वाटेत दुकानातून त्या गोळीची दहाची एक पट्टी घेतली. डॉक्टरांना विचारले नाही. विचारले असते तर ते कागद मागणार, कागद वृद्धांच्या सहीचा हवा असणार, आणि वृद्धांच्या डोळ्याला पट्टी. शिवाय गोळी काही नवी नव्हती, लहान मुलांनाही देत असत. अक्काने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"अरे, ही जंताची! लहानपणी तुला आई नाक दाबून द्यायची ती."

"तीच."

"चार वर्षं शिकून हे शोधलंस?" ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. धाप ओसरल्यावर तिने पट्टी उशीखाली ठेवली आणि विचारले, "तुझ्या सरांना माहीत आहे ना?"

तो छातीवर हात ठेवून हो म्हणाला.

अकराव्या प्लेटीचे काम पुरे झाले आणि बाराव्या दिवशी वृद्ध परत आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्याने धूसर दिसे. उजळ पडद्याकडे पाहण्याची मनाई होती. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि शिष्याला आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. सोळाव्या ओळीशी त्याचा आवाज चढला. वृद्धांनी शांतपणे विचारले, की या ओळीच्या कोऱ्या घरांचा उजेड किती होता.

तेव्हा त्याला सांगावे लागले. बारा आणि अकरा प्लेटींचा गुणाकारही त्याने सांगितला. अक्काच्या उशीखालची पट्टी मात्र सांगितली नाही.

वृद्ध रागावले नाहीत. त्यांनी आठव्या दिवसाची वही वाचायला लावली, समासासह. "बर्फ कमी" हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मग उठले, टोपी घातली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोळ्यावर पट्टी असतानाच कत्तलखान्यात जाऊन बोकडाचे हृदय घेऊन आले. त्यातून पंप काढायला, त्याला रंग जोडायला तीन दिवस गेले. शिष्य शेजारी उभा राहून त्यांना बाटल्यांवरची नावे वाचून दाखवीत होता. या तीन दिवसांतल्या शेवटच्या दिवशी अक्काचा फोन आला, की आज सातही पायऱ्या एका दमात चढले, शेजारीण माझी वाट बघत तशीच उभी राहिली. तो फोन ठेवून परत आला आणि वृद्धांना म्हणाला, की मला वाटते औषध खरे आहे. वृद्धांनी मान हलवली, हो किंवा नाही काहीच कळू नये अशी.

सोळाव्या दिवशी त्यांनी जे केले, ते शिष्याला वेडेपणाचे वाटले. तीन दिवसांच्या कष्टाने मिळालेले एका प्लेटीपुरते प्रथिन त्यांनी सगळेच्या सगळे एका प्लेटीत ओतायला लावले, आणि त्यात एकही औषध घालू दिले नाही. तीनशे चौऱ्याऐंशी घरे, सगळी कोरी. जंताची गोळी समोर कपाटात होती. ती पुन्हा तपासावी म्हणून त्याने दोनदा सुचवले. वृद्धांनी बर्फाची पेटी बाजूला सारली, प्लेट उघड्या टेबलावर ठेवली आणि दर अर्ध्या तासाने वाचायला सांगितली.

"काय वाचायचं सर? यात काही नाहीच."

"जे दिसेल ते वाच."

पहिल्या वेळी शंभर. अर्ध्या तासाने एकशे तीन. मग एकशे आठ. बाहेर महाविद्यालयाची मधली सुट्टी झाली आणि संपली. चौथ्या वेळी एकशे पंधरा. पाचव्या वेळी त्याने एकशे तेवीस वाचले तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. सातव्या वेळी त्याने आकडा वाचला नाही.

वृद्ध वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "किती?"

"एकशे एकतीस."

"कोणतं औषध?"

त्याने कोऱ्या प्लेटीकडे पाहिले.

वृद्ध म्हणाले, "बर्फ नसला की प्रथिन कुजायला लागतं. कुजताना त्याची पकड सुटते, लाल बाजूला होतो आणि पिवळा वाढतो. तुझ्या शेवटच्या ओळीतलं प्रथिन सगळ्यात जास्त वेळ कोमट पाण्यात उभं होतं. तू मात्रा चढत्या क्रमानं भरल्यास आणि वेळही त्याच क्रमानं चढत गेला. पकड औषधानं सुटली तरी हाच रंग, आणि मरणानं सुटली तरी हाच. यंत्राला त्यातला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून शेजारी कोरं घर असतं. दुसरं काहीही काम नसतं त्याला."

शिष्याने अक्काला दिलेल्या गोळ्यांच्या पट्टीची गोष्ट सांगितली. आज सातवी गोळी. आणि सरांना माहीत आहे असे आपण अक्काला सांगितल्याचेही सांगितले.

वृद्धांनी फोन त्याच्यापुढे सरकवला. बाकी सारे नंतर, आधी बहिणीला फोन कर, असे ते म्हणाले; गोळी बंद करायला सांग आणि डॉक्टरांना आजच्या आज सगळे कळव, काही लपवू नको. त्याने तेथूनच फोन केला. वृद्ध उठून बाहेर गेले नाहीत. ते सगळे आपणही ऐकावे, असे त्यांना वाटले असावे.

अक्का म्हणाली, "पण मला बरं वाटतंय की. ते काय खोटं?"

"ते मला ठाऊक नाही, अक्का."

"त्या दिवशी तर छातीवर हात ठेवून सांगत होतास. मग तुला ठाऊक काय आहे?"

तो फोनवरच रडू लागला. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, की बरं बाबा, बंद करते, तू रडू नकोस, पोस्टात सगळे बघतायत माझ्याकडे.

डॉक्टरांनी फोनवर त्याला बोलायचे ते बोलून घेतले, अक्काला त्याच दिवशी बोलावून तपासले आणि पाणी उतरवणारी गोळी तेवढी वाढवली.

त्या फोननंतर नवव्या दिवशी सकाळी अक्का चौथ्या पायरीवर बसली आणि उठली नाही. शेजारणीला वाटले, नेहमीसारखी बोलायला थांबली आहे.

तेराव्यानंतर शिष्य परत आला. त्याच्या खिशात ती पट्टी होती. दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, उशीखाली सापडली म्हणून काही न विचारता त्याच्या हाती दिली होती. तीन गोळ्या शिल्लक होत्या. त्याने ती टेबलावर ठेवली आणि जो प्रश्न तो तेरा दिवस कोणालाही विचारू शकला नव्हता, तो विचारला.

"सर, ती माझ्या गोळीने गेली का?"

वृद्धांच्या डोळ्याची पट्टी आता निघाली होती. त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिले.

"गोळीनं गेली असेल. गोळी खरंच लागू पडत असेल आणि आपण ती बंद केली म्हणून गेली असेल. किंवा गोळीचा काही संबंधच नसेल, जायच्याच वेळी गेली असेल. मधे तिला बरं वाटलं तेही गोळीनं असेल, किंवा भाऊ भेटून गेला म्हणून असेल."

"यातलं कुठलं?"

"ते कधीच कळणार नाही. कळायचं तर आणखी एक वैजयंता हवी होती. तशीच आजारी, तेच घर, त्याच पायऱ्या, फक्त गोळी न घेतलेली. माणसाचं कोरं घर नसतं रे. प्रत्येक जण एकदाच असतो. म्हणून तर आपण आधी इथे, प्लास्टिकच्या खळग्यांत, बोकडाच्या प्रथिनावर बत्तीस घरं वाया घालवतो. तू घरं वाचवलीस आणि तो प्रश्न तिच्यावर नेऊन ठेवलास, जिथे त्याला उत्तरच नव्हतं."

पुढचे वृद्धांनी हळू आवाजात सांगितले.

"माझंही ऐक. मी किल्ली दिली, नियम दिला, कारण दिलं नाही. कारणावाचून दिलेला नियम घाई असलेल्या माणसाला ओझं वाटतो. तुझी बहीण आजारी आहे हे मला ठाऊक होतं. तेव्हा सांगायला पाच मिनिटं लागली असती."

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर बोलणे झाले नाही.

शिष्याने नोकरी सोडली नाही. त्याने नव्या प्रथिनावर त्या सगळ्या औषधांची तपासणी पुन्हा केली, या वेळी बारा प्लेटींत. जंताच्या गोळीची आठ घरे शंभर, एकशे एक, शंभर, नव्याण्णव अशी निघाली. शेजारची कोरी घरेही तशीच. त्या साऱ्या औषधांत हृदयाला सैल करणारे एकही निघाले नाही. म्हणजे घाई केली नसती तरी अक्काच्या हाती काही येणार नव्हते. याने मनाला दिलासा मिळेल असे त्याला वाटले होते, मिळाला नाही.

वृद्ध निवृत्त झाले आणि पुढे वारले. किल्ली शिष्याकडे आली. त्याची एक सवय तेथल्या नव्या लोकांना चमत्कारिक वाटे. प्लेट भरताना तो औषधांना हात लावण्याआधी बत्तीस कोरी घरे स्वतः भरी, आणि यंत्रातून आकडे आले की बाकीचे काही न पाहता आधी तेवढे बत्तीस मोठ्याने वाची. शंभर. शंभर. एकशे एक. कोणी कारण विचारले, तर सांगायला त्याला पाच मिनिटे लागत, आणि तो ती पाच मिनिटे काढी. आवाज न चढवता सगळे सांगी, सात पायऱ्यांसह.

जे आपण दिल्यामुळे बरे झाले असे वाटते, ते आपण न देताही तसेच दिसले असते का, हे आधी विचारून घ्यावे. नंतर विचारायला समोर माणूस असेलच असे नाही.